हिरड्यांवर ऊन पडत नाही

त्या वर्षी मुरुडच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवताना मी काळवंडत गेले, पण कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. "उन्हाचं हाय ते. बोंबील सुकवणारी गोरी कशी राहील?" सासूबाई म्हणायच्या, आणि मलाही ते पटायचं. उठताना चक्कर यायची, दुपारपर्यंत हातपाय गळून जायचे. मासे खारवायला आणलेलं मीठ मी चिमटीचिमटीने खायचे. सगळ्याचा दोष उन्हावर गेला.

शेवटी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं. हिरड्याही काळ्या पडल्या होत्या. "इथे कुठे ऊन पडतं?" त्यांनी विचारलं. इतके दिवस उन्हाला दोष दिला म्हणून मी स्वतःवरच चिडले.

रक्त तपासलं तेव्हा खरं कारण कळलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांच्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाने अंगात बळ राहतं आणि अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाने मीठ. माझ्या ग्रंथी हे दोन्ही पुरेसं बनवत नव्हत्या, म्हणून मीठ लघवीवाटे निघून जात होतं. मेंदू त्यांना सारखा हाका मारत होता, आणि त्या हाका रक्तातून पोहोचवणाऱ्या संप्रेरकानेच कातडी काळी होत होती.

आता रोज सकाळी गोळ्या घेते. ताप आला तर डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे जास्त घेते. माशांची पाटी पुन्हा डोक्यावर आली आहे. निघण्याआधी सासूबाई मला दारातल्या उजेडात उभी करतात आणि "आ कर" म्हणतात. हिरड्या गुलाबी दिसल्या की दारातून बाजूला होतात. बाकी मी अजून काळीच आहे, पण हा काळेपणा माझ्या कामातल्या उन्हाचा आहे.