घरटी एक माणूस

हवालदार म्हणून पेन्शनीवर निघालो आणि किन्हवलीला घरी आलो. त्याच हिवाळ्यात शहापूरच्या एसटी स्टँडवर भरतीचा नवा फलक लागला. वर रायफलवाल्या जवानाचं चित्र, खाली लाल अक्षरात ‘घराघरातून एक जवान!’ आणि त्याखाली मुरबाडच्या मैदानावरच्या भरतीचा दिवस. वय, उंची, शिक्षण वगैरे बारीक अक्षरात होतं. ते वाचायला फलकाच्या अगदी जवळ जावं लागे आणि तिथे कायम चिखल असे.

मला विचाराल तर घोषवाक्य वाचून कोणी फौजेत जात नाही. कोणी भाकरीसाठी जातो, कोणी शेजारच्याचा युनिफॉर्म बघून जातो, कोणी बापाशी भांडून जातो. पण मी माजी सैनिक म्हटल्यावर जो तो त्या फलकाबद्दल मलाच ऐकवायचा, जसा काही तो मीच रंगवला होता.

स्टँडसमोरच्या चहावाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “हवालदार, ज्यानी लिवलाय त्याच्या घरातून कोण गेलाय? ता आदी सांगा. मंग आमी बगू.”

कल्याणला कामाला जाणारा एक पोरगेलासा इसम म्हणाला, “आमच्या घरातून एकच जवान. तो पाच-दहाची फास्ट पकडतो. त्याला पण मेडल द्या.”

मुरबाडचा जीपवाला तर कहर. दहा जणांच्या गाडीत सोळा माणसं कोंबून वर ओरडायचा, “घराघरातून एक! चला, मागं एक सीट बाकी हाय!” एका बाईने सासूसमोर सांगितलं, की आमच्याकडून सासूबाईंना घेऊन जा, शत्रू आपोआप पळेल. सासूही हसली. मात्र तीन मुलींचा बाप असलेल्या एका शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरगी चालल का हो? मोठी लय पळते.” तो थट्टा करत नव्हता. इथे नाही चालणार, असं मी सांगितलं, तेव्हा तो खरोखर हिरमुसला. मलाही वाईट वाटलं.

भरतीच्या दिवशी आम्हा चार-पाच माजी सैनिकांना रांगा लावायला बोलावलं होतं. मी सकाळी पहिल्या जीपने मुरबाडला पोचलो. रुटीन ठरलेलं. आधी उंची, मग धावणे, मग छाती, मग कागदपत्रं. भरती अधिकारी एक मेजरसाहेब होते. उत्तरेकडचे, मितभाषी. त्यांनी सांगितलं, “हवालदार साब, लाइन टूटनी नहीं चाहिए.” मी म्हणालो, “नहीं टूटेगी, सर.”

पहिली बॅच धावून झाली आणि रस्त्याच्या बाजूने डोंगरावरच्या पाड्याची माणसं आत आली. पंचवीस-तीस असतील. त्यात म्हातारे होते, बाया होत्या, एक लंगडा होता. प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं नाहीतर टिकाव, बायांच्या डोक्यावर घमेली, कमरेला भाकरीचं फडकं. ती मंडळी निमूटपणे पोरांच्या रांगेमागे रांग लावून उभी राहिली.

मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “ये क्या है?”

मी जाऊन विचारलं. पुढे गोमाबाबा होता, पाड्याचा म्हातारा. मला ओळखत होता.

“काय बाबा, कुठं निघालात?”

“कुठं म्हंजे? हितंच. सरकारचा सांगावा हाय ना, घराघरातून एक. आमची सगली घरा आल्यात. एक घर बाकी नाय. काय खणायचाय ता दाखव.”

हे समजायला त्या पाड्यांची रीत माहीत हवी. पाणवठा साफ करायचा असो, वाहून गेलेली वाट बांधायची असो, हाक पडली की घरटी एक माणूस निघतो. अवजार आपलं, भाकरी आपली. घरात पुरुष नसेल तर बाई येते, बाई आजारी असेल तर म्हातारा येतो. पण घर मागे राहत नाही. राहिलं तर लग्नात त्याच्याकडे कोणी जेवत नाही. काम लहान असेल तर सगळ्यांना नाही, पाळीने एकेका घराला बोलावतात, आणि पाळी देऊन झालेल्या घराला पुन्हा हाक मारत नाहीत. बाजाराला आलेल्या कोणीतरी फलकाची लाल अक्षरं वाचून वर जाऊन सांगितली होती. त्यांच्या हिशोबाने त्यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.

मी हसू दाबत होतो, तेवढ्यात रांगेच्या शेवटी मला चांगुणामावशी दिसली. माझं हसू तिथंच विरलं.

तिचा थोरला काळूराम माझ्या सेक्शनमध्ये शिपाई होता. काश्मीरमध्ये होतो आम्ही. त्या सकाळी सफरचंदाच्या बागांमधलं एक गाव तपासायचं होतं. काळूराम नेहमीप्रमाणे पुढचा स्काउट. रानातला माणूस, त्याची पावलं वाजत नसत, म्हणून मी त्यालाच पुढे ठेवायचो. गोठ्याच्या माळ्यावरून फायर आला. पहिला बर्स्ट त्याच्यावरच. पडता पडता त्याने हात वर करून मागच्यांना थांबवलं, म्हणून बाकीचे उघड्यावर आले नाहीत. मी रेडिओवर गेलो.

“टायगर, अल्फा. एक कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“अल्फा, सीरियस? ओव्हर.”

“सीरियस. ओव्हर.”

“पंधरा मिनट होल्ड करो. ओव्हर.”

आम्ही होल्ड केलं. गोठा शांत झाला. काळूराम पंधरा मिनिटं काढू शकला नाही. त्याच्या अस्थी घेऊन पाड्यावर मीच गेलो होतो.

आता मावशी माझ्यासमोर उभी होती, शेजारी धाकटा, राघो. अठराचा झाला होता. त्याच्या हातात टिकाव होता आणि तोंडावर रंग नव्हता.

“दादा,” ती म्हणाली, “बरा झाला तू हायेस. साहेबाला सांग, आमच्या घराची पाली देऊन झालीय. काळू गेला ना. आता राघोला नेऊ नका. नेयाचाच असल तर मला न्या. मी खणीन.”

मी जाऊन मेजरसाहेबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. स्वतः रांगेपाशी आले आणि मोडक्या मराठीत मोठ्याने म्हणाले, “कुणाला जबरदस्ती नाही. फौजमध्ये कोणी ओढून नेत नाही. ज्याला मन आहे तोच येतो. पहिल्यापासून असंच आहे. तुम्ही घरी जा.”

पाड्याच्या रांगेतून मोठा सुस्कारा निघाला. लंगडा म्हणाला, “मंग मी पास झालो!” सगळे हसले. गोमाबाबाने तिथंच बसून भाकरीचं फडकं सोडलं. एवढं चालून आलोय तर जेवून जाऊ, असा एकूण सूर होता.

मावशी हसली नाही. माझ्या बाहीला धरून म्हणाली, “पयल्यापासून असाच हाय?”

“होय, मावशी.”

“मंग काळूला कोणी बोलावला?”

मला आधी कळेना. ती सांगू लागली, “तो बाजारातून आला नि सांगतलान, आये, सरकारचा हुकूम हाय, या टायमाला पाली आपल्या घराची. मी जातो, म्हंजे राघोला कदी बोलावनार नायत. मी रडले तर बोलला, पालीला कोणी रडता का?”

खोटं बोलणं मला जमलं असतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ घरांत बरं वाटेल असं बोललोय. पण राघो ऐकत होता.

“कोणी नाही बोलावलं, मावशी,” मी म्हणालो. “तो आपणहून आला होता. त्याला फौजेत यायचंच होतं. तू सोडली नसतीस, म्हणून तसं बोलला असेल.”

तिने माझी बाही सोडली. मग म्हणाली, “इतकी वर्सा मी सरकारला शिव्या घातल्या. आता कोनाला घालू?”

तिने राघोकडे वळून त्याची हनुवटी धरली.

“तुला जायाचाय? खरा सांग. माज्याशी खोटा बोलू नको.”

राघोने मान हलवली. “नाय गो आये. मला नाय जायाचा.”

“नाय ना?”

“नाय.”

“बघ,” ती मला म्हणाली. “असा ‘नाय’ बोलता येता. त्याला पन आला असता.”

आणि ती मैदानातच खाली बसली आणि रडू लागली. अस्थी नेल्या त्या दिवशी ती रडली नव्हती. पाड्याने तेव्हा तिचं कौतुक केलं होतं, मीसुद्धा केलं होतं. घराची पाळी होती, देऊन झाली, एवढंच ती म्हणाली होती. आता ती काळूचं नाव घेऊन घेऊन, शिव्या देऊन देऊन रडत होती. बायांनी घमेली खाली ठेवली आणि तिच्याभोवती बसल्या. म्हाताऱ्यांच्या हातातले घास हातातच राहिले.

त्या बसल्या होत्या तो पोरांच्या धावण्याचा ट्रॅक होता. चुन्याच्या रेषेवर पुढची बॅच तयार उभी होती. धावणं बघणाऱ्या सुभेदारसाहेबांनी मला खूण केली, यांना उठवा. मी मेजरसाहेबांकडे पाहिलं.

“रहने दो,” ते म्हणाले. बॅच थांबवली. पोरं रेषेवर उभी राहून बघत राहिली. एकानेही चेष्टा केली नाही.

थोड्या वेळाने मेजरसाहेब माझ्याजवळ आले. “लड़के का नाम?”

“शिपाई काळूराम, सर.”

“नंबर?”

मी त्याचा फौजेतला नंबर सांगितला. तो मला पाठ होता. अजून आहे.