तौसीफची मयत

निपाणीत गाद्या भरणारे दस्तगीर नदाफ म्हणजे मोहल्ल्याचे चाचा. कुणी गेलं की गुसल द्यायला, मयताला अंघोळ घालायला, त्यांनाच बोलावणं यायचं. आजवर म्हातारी माणसंच जास्त असत. अलीकडं नशेनं गेलेली कोवळी पोरं हाताखाली येऊ लागली.

मशिदीच्या जमातीच्या कमिटीत ठराव आला, नशेत मेलेल्याच्या मयतीला कुणी जायचं नाही. चाचाही कमिटीत होते; ते एकटेच विरोधात उठले.

"नशा हराम हाय, मीबी तेच सांगतो. पर जनाज्याची नमाज आपल्यावर फर्ज हाय, ती चुकवता येत न्हाय. त्याचा न्याय अल्लाह करंल, आपण कोण?"

"लाड करूनच पोरं बिघडली, चाचा," अध्यक्ष म्हणाले. ठराव झाला.

महिना उलटला नाही तोच रिक्षावाल्या बाबालालचा तौसीफ तंबाखूच्या वखारीमागं मेलेला सापडला. बाबालाल गुसलसाठी बोलवायला दुकानाच्या पायरीशी आला. चाचांनी सुई गादीतच खोचली आणि त्याच्या मागोमाग निघाले.

तौसीफच्या दंडावर इंजेक्शनच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या. चाचांनी त्यावरून हलकेच पाणी सोडलं.

कब्रस्तानात जेमतेम माणसं जमली. तौसीफचे दोस्त मोईन आणि अल्ताफ भिंतीपलीकडंच घुटमळत होते.

"आत या की रं."

"आम्हीबी तसलेच हाय, चाचा," मोईन पुटपुटला.

"म्हणून काय झालं? दोस्त हाय न्हवं तुमचा? हातपाय धुऊन वजू करा, खांदा द्या."

दोघं आत आले, खांदा दिला, माती दिली.

जमातीनं चाचांना कमिटीतून काढलं. त्यांनी दोघा पोरांना मात्र सोडलं नाही. रोज तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजेनंतर त्यांना दुकानात बसवायचे, कापूस पिंजत दीनाच्या, धर्माच्या चार गोष्टी सांगायचे. पुढं दोघांनाही बेळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः नेऊन सोडलं. मोईन टिकला, आता त्यांच्याच दुकानात गाद्या शिवतो. अल्ताफ पळाला. नशेच्या पैशापायी एका म्हातारीला लुबाडताना तिला ढकललं, ती दगावली. तो हिंडलग्याच्या जेलात गेला.

चाचा भेटायला गेले. बराच वेळ बाकावर बसवून ठेवल्यावर शिपाई आला.

"भेटायचं न्हाय म्हणतोय. जावा आप्पा घरला."

घरी बायकोनं विचारलं, "भेटला का?"

"पुढच्या बारीला भेटंल," म्हणत ते ताटावर बसले.