नुसती काळी पोत

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला, की मला एरंडोलला झालेलं धाकट्या बहिणीचं लग्न आठवतं. नवऱ्याच्या दुखण्यात माझं सोनं गेलं होतं. ते धुळ्याला अंथरुणावर होते, म्हणून मी एकटीच आले होते. गळ्यात नुसती काळी पोत. मागल्या दारी, भरिताच्या धुरात लपून बसले होते.

वहिनीने स्वतःची पुतळ्यांची माळ पुढे केली. "हाई घाल, अक्का. बठ्ठा देखतस." सगळे बघतात, ही तिची काळजी.

ती गार, जड माळ घातली आणि मीच मला परकी वाटले. लगेच काढून दिली. "राहू दे, वहिनी. मी अशीच शे."

पंगतीत शेजारचा, त्यांचा पाट रिकामाच राहिला. तेव्हा डोळे भरून आले होते. आज वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाची कोण म्हणून नाही, माझी मी म्हणून जेवले.