सात नंबरची जखम

मृत्यूपुढे राजा आणि रंक सारखेच, असं कीर्तनात ऐकत मी वाढलो. निजाम सरकारच्या एका लहान दवाखान्यात मुहर्रिर, म्हणजे कारकून, झाल्यावर कळलं, की मृत्यूच्याही पुढे एक छापील यादी असते. ताप, हैजा, प्लेग, देवी, हगवण, सर्पदंश, जखम. प्रत्येक कारणाला आकडा. माणसानं त्यातल्याच एखाद्या आकड्यानं मरावं, अशी हैदराबादेची अपेक्षा होती.

उन्हाळ्यात एका सकाळी झरी गावचा एक लिंगायत शेतकरी त्याच्या बायकोनं आणि भावानं बैलगाडीतून आणला. खळ्यावर उभ्या उभ्या कोसळला होता. पडताना कपाळ खरचटलं होतं. थोड्याच वेळात तो गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "डोक्यातली नस फुटली. आपोआप." आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

भावानं सोबतच्या एकाला निरोप देऊन गावाकडे पिटाळलं. बायकोनं रडणं मधेच थांबवून नवऱ्याचे पाय दुमडायला घेतले. त्यांच्यात माणसाला ध्यानाला बसल्यासारखं बसवून पुरतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं.

आत आमचे बडे मुहर्रिर यादी धुंडाळत होते. डोकं त्यांना फक्त जखमेखाली सापडलं.

"डॉक्टरसाहेब तर आपोआप म्हणाले," मी म्हणालो.

"सरकारात आपोआप काय होतं रे? तुझी बढती झाली का?"

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'चा खुलासा हैदराबादेला द्यावा लागतो. जखमेची नुसती चौकीला खबर." त्यांनी सात नंबर घातला.

जखम म्हटल्यावर चौकीचा जवान आला. त्यानं दुमडलेले पाय सरळ केले. पोलिसांच्या अमीनसाहेबांचा पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

"दादा, बसवू द्या की वो," बाई म्हणाली. "आडव्या माणसाच्या हातात गळ्यातलं लिंग कसं द्यावं?"

"मी काय करू बाई? सात नंबर हाय."

अमीनसाहेब ऊन कलल्यावर आले, कपाळ पाहिलं, मारहाण नाही म्हणाले आणि गेले. दिरानं गुडघ्यांना जोर लावून पाहिला. बाईनंच त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या भाऊजी. लय दुखंल त्यांना."

डॉक्टरांच्या त्या एका शब्दाला यादीत जागा असती, तर बाई सकाळीच त्याला बसवून निघाली असती. ही रुखरुख अजून जात नाही.

मी गाडीबरोबर झरीला गेलो. गावानं बसलेल्या माणसाच्या मापाचा खड्डा खणून ठेवला होता. तो लांब करावा लागला.