कडप्प्यातले तीन ड्रॉवर

संधिवात माझ्या बोटांत उतरला तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायचे. आयुष्यभर हातात कात्री धरली आणि आता सकाळी चहाचा कप उचलायला दोन्ही तळवे लागायला लागले. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, ठणका बराच कमी झाला. पण बोटांची पकड गेली ती गेलीच.

आमचं स्वयंपाकघर घर बांधलं तेव्हाचंच आहे. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरश्या रोवलेल्या, त्यांच्यामध्ये तीन खण आणि प्रत्येक खणात लोखंडी चॅनेलवर सरकणारा लाकडी ड्रॉवर. हे ड्रॉवर पहिल्यापासून हट्टी. अर्ध्यावर येऊन अडायचे, मग एक हिसका द्यावा लागायचा. इतकी वर्षं तो हिसका मी नकळत देत होते. हात चांगले असताना तो हिसका आहे हेही लक्षात आलं नव्हतं.

एका दुपारी यजमान अकलूजला त्यांच्या जुन्या मित्राला भेटायला गेले होते. मी दूध तापत ठेवलं होतं. दूध वर यायला लागलं आणि सांडशी मधल्या ड्रॉवरमध्ये. ओढला, तो अर्ध्यावर अडला. दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. तेवढ्यात दूध उतू जाऊन बर्नरवर सांडलं, ज्योत विझली आणि गॅसचा वास यायला लागला. गॅसचं बटण घट्ट धरून फिरवावं लागतं. माझ्या बोटांना ते पटकन जमेना. शेवटी दोन्ही तळव्यांमध्ये बटण धरून कसंबसं बंद केलं, खिडकी उघडली आणि खुर्चीत बसून राहिले. दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं. मी ते पुसलं नाही. संध्याकाळी यजमान येईपर्यंत ते तसंच ठेवलं. त्यांनी बघावं असं मला वाटत होतं.

त्यांनी बघितलं, फडकं घेतलं आणि पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "ड्रॉवर काढूनच टाकू. सगळं ओट्यावर मांडून ठेवू. आणि अगं, मी आहेच की काढून द्यायला."

"तुम्ही अकलूजला होता," मी म्हणाले.

त्यांनी फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला घेतलं. माणूस मायेचा आहे, पाटबंधारे कार्यालयात लेखनिक म्हणून नोकरी केली, कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. पण त्या दिवशी मला त्यांची माया नको होती. माझ्या घरातला ड्रॉवर मला माझ्या हातानं उघडायचा होता, आणि तो उघडेल असा करून घ्यायचा हे मी तेव्हाच ठरवलं.

शेजारणीचं कपाट ज्यांनी केलं होतं त्या मिस्त्रींना बोलावलं. दुधनीकडचे, पन्नाशी उलटलेले, मिशा पांढऱ्या. घरच्यांशी फोनवर कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत. त्यांनी गुडघ्यावर बसून तिन्ही ड्रॉवर ओढून बघितले.

"चॅनेल गेलेत की ह्ये. नवं टाकतो, बॉलबेरिंगचं. दोन तासाचं काम हाय."

"ते एका हातानं, जोर न लावता उघडतील?"

"जोर तर थोडा लावायला लागतोयच की, मॅडम."

मी हात पुढे केले. माझी बोटं तेव्हा करंगळीच्या बाजूला कलली होती, सांधे सुजलेले. त्यांनी क्षणभर बघितलं आणि नजर खाली नेली.

"मग खालचं चॅनेल लागंल," ते म्हणाले. "अंडरमाउंट म्हंत्यात. पर ते कडप्प्यात न्हाय बसत. त्याला दोन्ही बाजूनं लाकूड लागतंय. आन् मापाला लई नाजूक. मी कपाटात बसवलंय एकदोनदा, कडप्प्यात कुणी बसवत न्हाय."

"लाकूड लावून घेऊ. मापाचं मी बघते."

ते हसले नाहीत, पण त्यांना हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि यजमान हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार फोनवर कुणाशी तरी तेलुगूत बोलत होता, बोलणं संपवून आमच्याकडे वळला. भिंतीला नमुन्याचे ड्रॉवर लावलेले होते. साधं चॅनेल ड्रॉवरच्या दोन्ही कुशींना असतं, उघडल्यावर लोखंड दिसतं. अंडरमाउंट मात्र ड्रॉवरच्या तळाखाली लपलेलं. ड्रॉवर त्यावर नुसता बसवलेला असतो, म्हणून भार खालून पेलला जातो. शिवाय पूर्ण बाहेर येतो. आमचे जुने ड्रॉवर पाऊणच उघडायचे, मागच्या वस्तूसाठी मनगट वाकवून हात आत घालावा लागायचा. हे ऐकूनच निम्मं मन तयार झालं.

पण रिकामा ड्रॉवर कसाही सरकतो. मी दुकानदाराला म्हणाले, "यात वजन टाका."

"काय टाकू?"

"कुलपांचं खोकं टाका. आमच्याकडे ज्वारीचं पीठ असणार आहे."

त्यानं जड खोकं आत ठेवलं. अंडरमाउंटमध्ये दोन प्रकार होते. एक नुसता दाबला की उघडतो, मूठ लागतच नाही. यजमानांना तोच आवडला. "बघ, कोपरानं दाबलं तरी उघडतो," म्हणत त्यांनी तीन वेळा उघडून दाखवला. मी बंद करून बघितला. शेवटी खट्ट होईपर्यंत तो दाबावा लागत होता आणि तिथं माझ्या मनगटातून कळ गेली. दुसरा ओढून उघडायचा, पण बंद करताना थोडा लोटला की शेवटचा टप्पा आपोआप हळू आत जायचा. मी दुसरा घेतला. ओढण्यासाठी लांब, खोल मूठ निवडली, जिच्यात चारही बोटं सैल घालून नुसता हात मागे घेता येईल. धरायची गरजच नाही.

दुकानदारानं चॅनेलबरोबर एक कागद दिला. इंग्रजीत थोडा मजकूर, बाकी सगळ्या आकृत्या. घरी येऊन मी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. बघता बघता मला बरं वाटायला लागलं, कारण ती आकृती म्हणजे ब्लाउजच्या कागदी कटिंगसारखीच होती. खणाची आतली रुंदी अमुक असेल तर ड्रॉवरची आतली रुंदी त्यापेक्षा बेचाळीस मिलिमीटर कमी. तळ खालच्या कडेपासून इतका वर. बाजूच्या फळ्या सोळा मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. शिवणीत दोरा सैल पडला तर इस्त्रीनं झाकता येतं, इथं झाकायला जागा नव्हती.

मिस्त्री प्लाय घेऊन आले तेव्हा मी पट्टीनं जाडी मोजली. एकोणीस भरली.

"पाऊण इंचीच घेतोय आमी ड्रॉवरला," ते म्हणाले. "मजबूत असतंय."

मी कागद दाखवला. त्यांचं सगळं माप सुतात, एका इंचाची आठ सुतं. मी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "पाच सूत लागेल. हे सहा सूत आहे."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला, परत दिला. प्लाय बदलून आणला. थोडे नाराज दिसले, पण आणला.

मग दोन दिवस कडप्प्याला भोकं पाडायचं काम चाललं. घरभर काळी धूळ आणि कानात तो आवाज. कडप्प्याच्या दोन्ही बाजूंना प्लायच्या फळ्या स्क्रूनं घट्ट बसवल्या, त्यावर चॅनेल लावायचं होतं. पहिल्या खणाचा ड्रॉवर मिस्त्रींनी सुबक केला होता. कोपरे काटकोनात, तळ नीट. चॅनेलवर ठेवून त्यांनी आत लोटला. पुढचा भाग बसला, पण मागची एक बाजू आकड्यातून सुटली आणि सगळा ड्रॉवर तिरका होऊन खडखडायला लागला. परत काढला, परत ठेवला. तेच.

मिस्त्रींनी पिशवीतून रंधा काढला. "एका कुशीला जरा घासतो, मग सरळ बसंल."

"थांबा, रंधा नका लावू."

"दोन मिनिटाचं काम हाय, मॅडम."

"घासलेलं परत लावता येत नाही. आधी मोजू."

"मोजलंय की मी."

"कुठं मोजलंय?"

त्यांनी खणाच्या तोंडाशी बोट ठेवलं.

वर्गात पहिल्याच आठवड्यात मी मुलींना सांगायचे, अंग एकाच जागी मोजायचं नाही, छाती, कंबर, नितंब, तिन्ही घ्यायची. मी यजमानांना टेप धरायला सांगितली, कारण टेपचं बटण मला दाबता येत नव्हतं. तोंडाशी चारशे चौऱ्याण्णव भरलं, मध्ये चारशे सत्त्याण्णव, आणि मागे पूर्ण पाचशे. खण मागे रुंद होत गेला होता. घर बांधताना गवंड्यानं फरशी जरा तिरकी रोवली होती आणि फळ्याही तिच्यामागोमाग तिरक्या गेल्या होत्या.

"टेप वाकडी धरली आसंल साहेबांनी," मिस्त्री म्हणाले.

"मग तुम्ही धरा."

त्यांनी धरली. वाकून बराच वेळ बघत राहिले. मी म्हणाले, "ड्रॉवर बरोबर आहे, मिस्त्री. तुमचं काम चोख आहे. भिंत चुकलीये. चांगला ड्रॉवर वाकड्या भिंतीसाठी का कापायचा?"

ते उठले, हात झटकले आणि बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

यजमान म्हणाले, "घालवलंस ना त्यांना."

"येतील. हत्यारं इथंच आहेत."

बोलले खरं, पण मनात धाकधूक होती. अर्धा ओटा उसकटलेला, भांडी हॉलमध्ये, गॅसपाशी जायला धड वाट नाही. ते आले नसते तर मी काय करणार होते? रागावले असतील तर त्यांचंही चूक नव्हतं. आपल्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी शिवणाची बाई येऊन थांब म्हणते. माझ्या वर्गात येऊन कुणी मला कात्री ठेव म्हटलं असतं तर मी तरी ऐकलं असतं का? तरीही तो रंधा मी पुन्हा थांबवला असता.

तासाभरानं मिस्त्री परत आले. हातात लॅमिनेटचे कापलेले तुकडे होते.

"पलीकडं एका घराचं काम चालू हाय, तितं पडलं व्हतं," ते म्हणाले. "एकाची जाडी एक मिलिमीटर. मागं तीन-तीन घालू दोन्हीकडं, मधी एक-दीड. तुमचं बराबर हाय. कडप्पा मागं फाकलाय."

मागे किती भर घालायची हे मला कळलं होतं, पण ती कशानं घालायची हे मला सुचलं नव्हतं. ते त्यांना सुचलं. फळ्या सैल करून आत तुकडे सरकवले, पुन्हा आवळल्या. आता त्यांनी स्वतःहून तीन जागी मोजलं आणि दर वेळी आकडा मोठ्यानं सांगितला. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव.

"पंच्याण्णव चालंल?"

"चालेल."

त्यांनी ड्रॉवर ठेवला, लोटला. खालून दोन्ही क्लिपा बसल्याचा आवाज आला, टक, टक. मग त्यांनी मूठ लावली आणि बाजूला झाले. "तुमीच बघा."

मी चार बोटं मुठीत सैल घातली आणि हात मागे घेतला. ड्रॉवर पूर्ण बाहेर आला. मध्ये कुठंही अडला नाही. मनगटाच्या बाजूनं हलकेच लोटला, तो गेला, शेवटी मंद झाला आणि आवाज न करता बंद झाला. मी परत उघडला. यजमानांनी पिठाचा मोठा डबा आणून त्यात ठेवला. परत उघडला, परत बंद केला.

दुसरा ड्रॉवर अर्ध्या दिवसात झाला. तिसऱ्या खणात मागून नळाची पाइप आली होती, पूर्ण लांबीचं चॅनेल बसणार नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "ह्यो राहू द्या मोकळाच." मी नाही म्हणाले. यजमान दुकानात जाऊन आखूड चॅनेल घेऊन आले आणि आखूड ड्रॉवर केला. त्यात आता फक्त चमचे आणि माझी औषधं आहेत, तेवढं पुरतं. जाताना मिस्त्रींनी तो आकृत्यांचा कागद मागितला. मी दिला. आकडे इंग्रजीत होते, ते मी त्यांना मराठीत लिहून दिले. माझं अक्षर आता वाकडं येतं, पण वाचता येण्यासारखं होतं.

ऑगस्टमध्ये दमट हवेनं प्लाय थोडा फुगला आणि मधल्या ड्रॉवरच्या तोंडावरच्या फळीचा एक कोपरा शेजारच्या फळीला घासायला लागला. मिस्त्रींना बोलवावं असं यजमान म्हणाले. मी म्हणाले, गरज नाही, खाली क्लिपेला बारीक चाक असतं, ते फिरवलं की तो कोपरा वर उचलला जातो. चाक माझ्या अंगठ्यानं फिरत नव्हतं. मग यजमान जमिनीवर आडवे झाले, चष्मा कपाळावर चढवला आणि हात आत घातला. मी वर उभी राहून फटीवर नजर ठेवली.

"फिरवा. अजून. थांबा, अर्धी फेरी मागे."

"झालं?"

मी उघडून बघितला. अजून किंचित लागत होता.

"नाही झालं," मी म्हणाले. "पाव फेरी अजून."