ताट वाजलं नाही

आमच्या स्टुडंट कौन्सिलची अध्यक्ष चिलीची होती. उंची माझ्या खांद्यापर्यंत आणि आवाज पार पार्किंगपर्यंत. आई नर्सेसच्या युनियनमध्ये, आजी त्याहून वरचढ, त्यामुळे अन्याय दिसला की हिचे हात शिवशिवायचे. उपाध्यक्ष मी. इथे आखातात, करामाच्या भारतीय वस्तीत वाढलेल्या मुलीला घरातून एकच शिकवण मिळते, चार माणसं जमवायची नाहीत.

त्या उन्हाळ्यात खलिफा सिटीतल्या आमच्या होस्टेलवर सफाईच्या बायकांची बसायची खोली सामान ठेवायला घेतली गेली. त्या मागच्या जिन्यात डबा खायला लागल्या. तिथे एसी नव्हता. त्यांच्यातली खेडकडची एक मावशी माझ्याशी मराठीत बोलायची. तिनेच बोलता बोलता हे सांगितलं आणि मी ते अध्यक्षबाईंच्या कानावर घातलं. झालं, आगीत तेल!

"उद्या लंचला मेसमध्ये सगळ्यांनी ताटं वाजवायची," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे निषेध असाच करतात. आजी पातेलं घेऊन रस्त्यावर यायची."

"इथे परवानगीशिवाय असलं काही केलंस तर तुला घरी पाठवतील."

"पाठवू दे."

"आणि मावशीला? तिचा सुपरवायझर विचारेल, मुलींना कोणी सांगितलं. मराठी बोलणारी मी एक आणि ती एक. तिची नोकरी जाईल."

ती येरझाऱ्या घालायला लागली. मग म्हणाली, "आपण गप्प बसलो तर त्या जिन्यातच राहतील." तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी बाबांना फोनवर आडून विचारलं. "हे बघ, तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे, गडबड झाली तर मी अडकेन," ते म्हणाले. "कौन्सिल-बिन्सिल सीव्हीपुरतं ठेव. खलास."

मेसची ताटं प्लॅस्टिकची, ती वाजणार काय कपाळ! म्हणून बाईसाहेबांनी माझ्या खोलीतलं, आईने दिलेलं स्टीलचं ताट न विचारता उचललं. दुपारी मेस गच्च भरली होती. सुपरवायझर दाराशी उभा. मावशी टेबलं पुसत होती. बातमी आधीच पसरली असावी, कारण मुली एकेक करून खायच्या थांबल्या. आणि ही उठली, एका हातात ताट, दुसऱ्या हातात चमचा.

मी तिची बाही ओढली. तिने झटकली. चमचा वर गेला.

तेवढ्यात मावशी ट्रॉली ढकलत आली. "हो गया ना बेटा? लाओ," म्हणत तिने ताट आणि चमचा दोन्ही हिच्या हातातून काढून घेतलं, रोज उष्टी भांडी उचलते तसंच. चमचा ताटात खडखडला, कारण तिचा हात थरथरत होता. ट्रॉली आत गेली. हिंदी येत नसलं तरी तो हात हिने पाहिला होता. ती मटकन खाली बसली.

खोलीत येऊन ती खूप रडली. मग म्हणाली, "मावशीला नक्की काय हवंय, ते तू विचारलं होतंस?"

मी नव्हतं विचारलं. तिनेही नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी जिन्यात गेलो. मावशीने आधी मला फैलावर घेतलं. "बाय, माझ्या पोटावर पाय देत होतीस की गं!" मग पदराने तोंड पुसून हळूच म्हणाली, "गरमीचं काय नाय. दुपारी लेकीला फोन लावते. ती रडते, मग मी रडते. जिन्यातून सगळी जातायेतात, बघतात. दार लावता येईल अशी जागा पायजे."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पहिल्यांदाच अध्यक्षबाईंनी भाषण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात जाऊन रीतसर विनंती केली. कौन्सिलची खोली दुपारी रिकामीच असते, ती सफाईच्या बायकांना द्यावी. धडधडीत खोटं, आमच्या मीटिंगा दुपारीच असायच्या. पण परवानगी मिळाली.

तेव्हापासून आम्ही मागच्या जिन्यात बसायला लागलो, घामाने निथळत, एकमेकींवर वैतागत. मीटिंग चालू असताना वर कौन्सिलच्या खोलीची कडी आतून लागल्याचा आवाज यायचा. तो आला की ती बोलायची थांबायची, आणि मग आवाज खाली आणून पुढे बोलायची.