आबांच्या म्हशीची इंग्रजी गाणी

आमच्या गोठ्यात इंग्रजी गाणी वाजायची, असं साताऱ्याच्या ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हशीचं इंग्रजी कसं आहे ते विचारतात. तुमच्यापेक्षा बरं, असं मी सांगते.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. बदली होऊन जाताना त्यांच्या साहेबांनी त्यांना एक कॅसेट दिली. गिटार, माउथ ऑर्गन आणि बांधावर बसून गावं तसा एक खरखरीत आवाज. याला फोक-रॉक म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. आबांनी घरी आल्यावर टेप गोठ्याच्या खुंटीला टांगला आणि शिराळ्याजवळच्या आमच्या गावात रोज धारेच्या वेळी ती गाणी सुरू झाली. शब्द कळत नसल्यामुळे आबा नुसतं 'हां हां, व्हय व्हय' करत आपला आवाज त्यात घालायचे. सूर असा, की शेजारची माणसं विचारायची, कुणाचं पोट दुखतंय का? मी रेडकाची दोरी धरून शेजारी उभी असायची. पुढं कॅसेट जाऊन पेन ड्राइव्ह आला, म्हशीच्या लेकी आणि त्यांच्या लेकी आल्या, गाणी तीच राहिली.

यंदा आबा ओट्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन होऊन घरी आले. आठवड्याभरात धाकट्या भावाचा फोन आला.

"आक्का, म्हस पान्हा चोरतीया, दूधच सोडंना. पेंड घातली, आबांची गाणीबी लावली, तरी लाथा झाडतीया. पान्ह्याच्या इंजेक्शनाचं नाव काढलं की आबा खवळत्यात. उद्या येपाऱ्याला बोलावलंय."

"आबा काय म्हणतात?"

"भिंतीकडं तोंड करून पडल्यात. म्हस गेली तर मी कशाला उठू, म्हणत्यात. डॉक्टर वॉकर धरून चाला म्हणतोय, ह्ये पाय खाली टाकंनात."

मी फोन ठेवून रजेचा अर्ज लिहिला. म्हैस गेली असती तर आबा खरंच उठले नसते.

दुसऱ्या दिवशी एसटीत बसून मी तोच अल्बम कानात लावला. इअरफोन महागाचे, रेकॉर्डिंग नव्यानं साफ केलेलं, एकेक तार वेगळी ऐकू येत होती. तरीही मला नेहमीसारखंच काहीतरी कमी वाटत होतं. इतकी वर्षं मी त्याचा दोष मशीनला देत आले होते. कऱ्हाड गेल्यावर मात्र मला एकटीलाच हसू फुटलं. शेजारची बाई सरकून बसली. अहो, या गाण्यांत माझे आबाच नव्हते! बादलीत पडणारी धार नव्हती. मला जे कमी वाटत होतं, तेच त्या म्हशीलाही वाटत असणार.

घरी पोचले तेव्हा व्यापारी यायचा होता. मी साडीचा पदर खोचला, पेन ड्राइव्ह लावला आणि म्हशीच्या कासेला हात घालून आबांच्याच बेसूर आवाजात सुरू केलं. "हां हां, व्हय व्हय..."

भाऊ दारात उभा राहून हसत होता. म्हशीनं पाय उचलला, कान हलवले आणि पाय खाली ठेवला. मी आणखी बेसूर झाले. मग पहिली धार बादलीत वाजली, पाठोपाठ दुसरी. लहानपणापासूनचा माझा अल्बम आता कुठं पुरा वाजत होता. मला रडू आलं, पण गाणं सोडायची सोय नव्हती.

बादली फेसानं भरली. मी मान वर केली तर भावाचं हसू थांबलेलं. त्याच्या शेजारी, चौकट धरून, वॉकरवर भार टाकून आबा उभे होते.

"आवं आबा, उठलासा कसं?" भाऊ ओरडला.

"ही पोरगी चुकीचं गातीया," आबा माझ्यावर डाफरले. "दुसरी 'व्हय' लांबवायची असती. सर तिकडं. आन् त्या येपाऱ्याला फोन लाव, येऊ नगं म्हणावं."